महिपतिबुवांची साक्ष

चातुर्मास लागला म्हणजे संगमनेर, अकोले, राहुरी या आपल्या मुलखात गावोगावच्या देवळांतून ग्रंथ लागतो. कुठे हरिविजय, कुठे पांडवप्रताप, पण माळकऱ्यांची वस्ती असेल तिथे बहुतकरून भक्तिविजय. एकजण ओवी वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, बाया वाती वळता वळता ऐकतात. दामाजीपंतांचा अध्याय निघाला की डोळ्यांना पदर लागतात. आरती होते, बुक्का लागतो, मंडळी घराकडे वळतात, आणि मग वाटेत एखादा शिकता नातू आजोबांना विचारतो, की हे सारे कुणी डोळ्यांनी पाहिले होते का? भिंत चालली, रेडा बोलला, पोथीत पावती सापडली, याला पुरावा काय? आणि पुरावा नसेल तर देव आहे हे तरी कशावरून?

आजोबा बहुधा रागावतात. काही मंडळी तर असल्या प्रश्नानेच पाप लागते असे सांगून मोकळी होतात. आम्हाला ते पटत नाही. पोराने वाईट बुद्धीने विचारलेले नाही. ऐकलेले मनाला लागले म्हणूनच विचारले. आणि गंमत अशी, बरं का, की ज्या सत्पुरुषाने तो ग्रंथ लिहिला त्याचे घराणेच मुळी पुरावे सांभाळणारे होते. पुरावा कशाला म्हणावा, तो कुठे चालतो आणि कुठे चालत नाही, हे त्याने रोजच्या कामात पाहिलेले होते. त्या महिपतिबुवा ताहराबादकरांचे चरित्र आज सेवेला घेतले आहे.

ताहराबाद हे गाव राहुरी तालुक्यात, आपल्या संगमनेर तालुक्याच्या शेजाराला. त्र्यंबकेश्वराहून निघालेली निवृत्तिनाथांची पालखी सिन्नर, संगमनेर, राहुरी असे तालुके ओलांडीत पंढरीला जाते, तोच हा टापू. शके १६३७ म्हणजे इसवी सन १७१५ मध्ये महिपतींचा जन्म झाला. वडील दादोपंत कांबळे, ऋग्वेदी देशस्थ, वासिष्ठ गोत्री. घरात ताहराबादचे कुलकर्ण आणि जोशीपण, आणि त्या वतनाहून मोठे वतन म्हणजे पंढरीची वारी. मूल झाले तेही उतारवयात, आणि पांडुरंगाच्या प्रसादाने झाले, असे परंपरा सांगते.

काळ मोठा अडचणीचा. साताऱ्यास शाहू छत्रपती, पण दक्षिणेचा सुभा मोगलांकडे. संगमनेर हे औरंगाबाद सुभ्यातल्या एका सरकारचे ठाणे. गाव एक आणि धनी दोन, अशी स्थिती. मोगलाईचा वसूल निराळा, मराठ्यांची चौथाई निराळी. या दोन्हींचे कागद ज्याने राखायचे तो गावचा कुलकर्णी.

आजच्या मुलांना कुलकर्णी हे नुसते आडनाव वाटते. पण त्या काळी सारे गाव त्याच्या रुमालात बांधलेले असे. कुणाची जमीन किती बिघे, कुणाकडे किती बाकी, कुणी किती भरले, कुणाचे शेत कुणाच्या बांधापर्यंत, हे सगळे त्याच्या दप्तरात. वतनाचा तंटा उभा राहिला की गोत बसे, महजर होई, आणि कोण काय म्हणाला ते कुलकर्णी उतरून घेई. पाटलाला लिहिता येत नसे, तो नांगराची निशाणी करी. बलुतेदार आपापल्या हत्यारांच्या निशाण्या करीत. साक्षीदार कोण आहे, कुठला आहे, त्याचा या तंट्यात काही लाभ आहे का, हे बघितले जाई. नुसते ऐकले म्हणणाऱ्याची साक्ष हलकी, डोळ्यांनी पाहिले म्हणणाऱ्याची भारी. आणि साक्षीपुराव्याने निवाडा होईना तर शेवटी दिव्य. उकळत्या तेलात हात घालून धातूचा रवा काढायचा; हात भाजला तर खोटा, न भाजला तर खरा. म्हणजे बघा, बांधाच्या भांडणात देवाला साक्षीला बोलवायचे, आणि त्याने तेलाच्या कढईत आपली सही करायची! लोकांचा देवावर विश्वास नव्हता असे कोण म्हणेल? पण तो विश्वास चार बिघे जमिनीपुरता होता.

अशा दप्तरात महिपती वाढले. अक्षर चांगले, हिशेब चोख. पुढे वडिलांमागे काम त्यांच्याकडे आले. आणि मग ती प्रसिद्ध गोष्ट घडली, जी ताहराबादेकडची परंपरा आजही सांगते. बुवा पूजेला बसले होते. जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला. पूजा आटोपून येतो म्हणून त्यांनी निरोप दिला. शिपायाला तेवढा दम कुठला? तो वेडेवाकडे बोलला. बुवांनी पूजा शांतपणे पुरी केली, कचेरीत जाऊन काम होते तेही पुरे करून दिले, आणि घरी येऊन कानावरचा बोरू विठ्ठलाच्या पायाशी ठेवला. यापुढे या बोरूने सरकारी अक्षर लिहिणार नाही, मीही नाही आणि माझ्या वंशातही कुणी नाही, अशी त्यांनी शपथ घेतली.

इथे आम्हाला एक सांगावेसे वाटते. कीर्तनात ही गोष्ट रंगवताना शिपायाच्या उद्धटपणावर भर देतात. पण शिपाई काय, उद्धट असायचेच. लक्षात घेण्याजोगे हे की बुवांनी हातातले काम अर्धे टाकले नाही. दप्तर नीट मिटून मग ते उठले. राग आला म्हणून सुटलेली नोकरी ती नव्हे.

बोरू तर ठेवला, आता लिहायचे काय? महिपतींनी स्वतः लिहून ठेवले आहे की तुकोबारायांनी स्वप्नात येऊन त्यांच्यावर कृपा केली. तुकोबा वैकुंठाला गेले १६५० साली. म्हणजे महिपती जन्माला आले तेव्हा त्या गोष्टीला पासष्ट वर्षे झाली होती. डोळ्यांनी पाहिलेला गुरू नव्हे, कानांनी ऐकलेला नव्हे. आमच्या संप्रदायात हे नवे नाही. खुद्द तुकोबांना बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नातच झाला होता. शिऊरच्या बहिणाबाईंना कोल्हापुरी असताना तुकोबा स्वप्नात दिसले, त्यांचे पती वेदपाठी, त्यांना ते मुळीच रुचले नाही, आणि त्या बाईंनी त्यापायी मार खाल्ला. पण त्यांनी स्वप्न परत घेतले नाही. पुढे पतीसह त्या देहूला आल्या आणि तुकोबांचे दर्शन झाले.

आता स्वप्न म्हणजे काय पुरावा? कुठल्या गोतसभेत ते चालेल? महिपतींनी जन्मात कधी महजरात लिहिले नसेल की अमक्याला स्वप्न पडले म्हणून शेत त्याचे. हे ते चांगले जाणून होते. म्हणूनच त्यांनी त्या स्वप्नाचे केले काय ते पाहावे. त्या जोरावर मठ मागितला नाही, इनाम मागितले नाही. स्वप्न ज्याला पडले त्याने त्याप्रमाणे वागायचे, एवढाच त्याचा अर्थ त्यांनी घेतला. दुसऱ्यावर त्या स्वप्नाचा बोजा टाकला नाही. आणि स्वतः मात्र पुढची तीसएक वर्षे संतचरित्रे लिहीत राहिले.

१७५७ साली संतलीलामृत झाले, त्याचे ३५ अध्याय. मग १७६२ साली ५७ अध्यायांचा भक्तिविजय, सुमारे दहा हजार ओव्यांचा. १७७४ साली भक्तलीलामृत, ५१ अध्याय. शिवाय कथासारामृत, पंढरीमाहात्म्य वगैरे कितीतरी.

यातल्या भक्तिविजयाच्या सालाकडे जरा बघा. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. महाराष्ट्रात घरोघरी चुडे फुटले. उन्हाळ्यात नानासाहेब पेशवे गेले. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस निजामअली चालून आला आणि त्याच्या फौजेने टोक्याची देवळे उद्ध्वस्त केली. टोके म्हणजे कुठे? आपल्या संगमनेरावरून जी प्रवरा वाहते, ती जिथे गोदावरीला मिळते तिथे. त्याच प्रवरेच्या काठी, थोडे अलीकडे, नेवाशाला माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. अशी ठिकाणे बाटली, फुटली, आणि देवाने हात उचलला नाही. देव आहे तर हे कसे झाले, हा प्रश्न त्या वर्षी पोरासोरांनी नव्हे, चांगल्या चांगल्यांनी मनातल्या मनात विचारला असेल. दुसऱ्याच वर्षी ताहराबादेत भक्तिविजय पुरा झाला. पुरावे मागायला याहून कठीण वेळ कुठली?

मग या कुलकर्ण्याने पुरावा कोणता दिला? पहिली गोष्ट, त्यांनी आपल्या ग्रंथाच्या आरंभीच साक्षीदारांची नावे सांगून टाकली. हे मी पदरचे सांगत नाही, उत्तरेकडे नाभाजींनी ग्वाल्हेरी भाषेत भक्तांची चरित्रे लिहिली, माणदेशात उद्धवचिद्घनांनी लिहिली, त्या दोहोंचा मेळ घालून मी सांगतो, असा त्यांचा भाव. हा दप्तरदाराचा बाणा आहे. जबानी कुणाची, ते आधी नोंदवायचे. पुढे नवी माहिती हाती आली तेव्हा तेच चरित्र त्यांनी पुन्हा सविस्तर लिहिले. तुकोबांची कथा भक्तिविजयात आहेच, पण भक्तलीलामृतात त्यांनी तुकोबांना चांगले सोळा अध्याय दिले, पंचविसाव्यापासून चाळिसाव्यापर्यंत. आज तुकोबांचे चरित्र लिहायला बसलेला कोणताही पंडित त्या सोळा अध्यायांवाचून पुढे जाऊ शकत नाही. जस्टिन अॅबट नावाचे अमेरिकन मिशनरी होते. धर्माने ख्रिस्ती, पण महिपतींवर असे लुब्ध झाले की पंडित नरहर गोडबोले यांना बरोबर घेऊन त्यांनी हे ग्रंथ इंग्रजीत नेले. भक्तिविजयाचे त्यांचे भाषांतर १९३३ साली निघू लागले, तेव्हा अॅबटसाहेब हयात नव्हते.

चुका नाहीत का? आहेत. ज्ञानदेव आणि नामदेव काशीला कबिरांच्या घरी गेले असे महिपती सांगतात. माउलींची समाधी १२९६ सालची आणि कबीर पंधराव्या शतकातले. ही भेट काळाच्या हिशेबात बसत नाही. इतिहासवाल्यांनी हे दाखवून दिले तेव्हा काही भाविकांना फार वाईट वाटले. आम्ही म्हणतो, वाईट कशाला वाटावे? चूक दाखवली तर ती घ्यावी. महिपतींना स्वतःला कुणी जुना कागद दाखवला असता तर तेही आनंदाने ओवी बदलते, असा त्यांचा स्वभाव त्यांच्या ग्रंथांवरून दिसतो. मित्यांचा पुरावा मित्यांना लागू. तो नाकारणारा वारकरी आपलीच बाजू लंगडी करतो, कारण मग लोकांना वाटते यांचा देव एका सनावर उभा आहे.

आता दामाजीपंतांकडे येऊ, कारण पुराव्याची सारी गोम तिथे आहे. मंगळवेढ्याला बेदरच्या पातशहाची धान्याची कोठारे, त्यांवर दामाजीपंत अधिकारी. दुष्काळात माणसे तडफडू लागली तेव्हा पंतांनी हुकमावाचून कोठारे खुली केली. हाताखालच्याने चुगली केली, पंतांना धरून नेण्याचा हुकूम सुटला. पंत वाटेत पंढरीला दर्शनाला थांबले, आणि इकडे पांडुरंग विठू महाराचे रूप घेऊन बेदरच्या दरबारात उभा राहिला. धान्याची किंमत मोजली, पावती घेतली, आणि ती पंतांच्या गीतेच्या पोथीत नेऊन ठेवली.

ही कथा आपण शंभर वेळा ऐकतो. पण ती लिहिणारा पावत्या लिहिणारा माणूस होता, हे ध्यानात ठेवून एकदा ऐका. पातशहाने काय पाहिले? साक्षात परमात्मा समोर उभा. द्रव्य हातात, मोहोर आपल्याच हाताने पावतीवर उठवलेली. याहून मोठा पुरावा जगात कुणाला मिळाला? आणि त्याला कळले काय, तर दामाजीचा महार पैसे भरून गेला. रूप मनात भरले, पुन्हा पाहावेसे वाटले, पण ओळख पटली नाही. दामाजीपंतांनी काय पाहिले? काहीच नाही. एक कागद. आणि त्या कागदावरून त्यांनी धनी ओळखला, रडले, की माझ्यापायी त्याला महाराचा वेष घेऊन दरबारात हात जोडावे लागले. मग त्यांनी चाकरी सोडली. महिपतींनी हे लिहिले तेव्हा त्यांना आपला विठ्ठलाच्या पायाशी ठेवलेला बोरू आठवला नसेल काय?

पुरावा पातशहापाशी आणि ओळख दामाजीपाशी. पाहणे आणि ओळखणे या दोन गोष्टी आहेत, हे महिपती न बोलता सांगून जातात. नामदेवांची गोष्टही तशीच. ज्यांच्याशी देव रोज बोलतो, ज्यांच्या हातचे जेवतो, त्यांना पुराव्याची काय वाण? पण गोरोबाकाकांनी थापटण्याने एकेक डोके ठोकून पाहिले आणि कच्चे मडके निघाले ते नामदेवांचेच! मग त्यांना विसोबा खेचरांकडे जावे लागले. अहो, रोजच्या दर्शनानेसुद्धा जे झाले नाही ते गुरूने अहंकार उतरवल्यावर झाले. चमत्कार दाखवला की माणूस भक्त होतो, ही समजूत भक्तिविजयातच टिकत नाही. लोक मात्र ग्रंथ अर्धाच ऐकतात.

म्हणून जो बुवा चमत्कार दाखवतो आणि त्यावर दक्षिणा मागतो, त्याची उलटतपासणी करायला वारकऱ्याने लाजू नये. हातातून अंगारा काढणाऱ्याच्या हाताकडे नीट बघावे. वैद्याचे औषध सोडून ताईत बांधायला सांगणाऱ्याला तर दारातूनच रामराम म्हणावा. तिथे पुरावा मागणे हा आपला हक्क आहे. भोळेपणाला भाव म्हणण्याची जी रीत पडली आहे तिने संप्रदायाचे फार नुकसान केले आहे.

मग त्या नातवाला सांगायचे काय? शास्त्रकार प्रत्यक्ष, अनुमान, शब्द अशी प्रमाणे सांगतात. शब्द म्हणजे आप्तवाक्य, भरवशाच्या माणसाचा बोल. महजरात साक्षीदार तोलत तो हाच तराजू. हा खोटे का बोलेल, याचा लाभ काय? आता संतांना त्या तराजूत घाला. चोखोबांना मिळाले काय? देवळाबाहेरची पायरी. तुकोबांना काय? वह्या नदीत. या लोकांनी देव आहे म्हणून सांगितले आणि त्यापायी सोसले. एवढ्याने देव सिद्ध झाला असे म्हणू नये. वादात कुणी म्हणेल की प्रामाणिक माणसेही चुकतात, आणि त्याचे म्हणणे खोडता येणार नाही. पण साक्ष ऐकण्याजोगी ठरली. पुढची पायरी ज्याची त्याने चढायची. जन्मभर एक वारी करून बघणे हे काही कागदावर होत नाही.

दिव्याच्या कढईपाशी लोक देवाला आपला साक्षीदार करीत. महिपती स्वतःच देवाचे साक्षीदार होऊन बसले. त्यांच्या पिढीनंतरचे आपल्या संगमनेरचे अनंत फंदी, जन्म १७४४ आणि मृत्यू १८१९. डफ-तुणतुण्याच्या फडावर गाजलेले कवी. अहल्याबाई होळकरांच्या एका बोलाने ते कीर्तनाकडे वळले अशी आख्यायिका आहे. त्यात रेडा बोलला नाही, भिंत चालली नाही. एका सत्शील बाईच्या शब्दाचे वजन पडले, इतकेच. आख्यायिका खरी धरली तर आम्हाला तिच्यात भक्तिविजयाचाच एक न लिहिलेला अध्याय दिसतो.

महिपतिबुवांचा उत्तरकाळ शांततेत गेला. कीर्तन, वारी, लेखन. विठ्ठल आणि नारायण असे दोन मुलगे. शके १७१२, श्रावण वद्य द्वादशीस, म्हणजे १७९० साली, पंचाहत्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. ताहराबादेत विठ्ठलाचे मंदिर आहे, तिथे ती तिथी होते. त्यांचा संतविजय हा ग्रंथ सव्विसाव्या अध्यायावर अपुरा राहिला आहे.